बुशाला ग्रीस नको

गाडी खडखडायला लागली की आमच्याकडे पहिला हात जातो तो ग्रीसगनवर. आवाज कुठून येतोय, कधीपासून येतोय, ब्रेक मारताना येतो की खड्ड्यात, हे सगळं नंतर. आधी चार पंप मारायचे. आवाज थांबला तर मिस्त्री हुशार, नाही थांबला तर गाडी जुनी झाली. ही पुस्तिका ज्या सुट्या भागाबद्दल आहे, त्याला या सवयीइतका त्रास खड्ड्यांनीही दिलेला नसेल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

भाग म्हणजे सस्पेन्शनचा रबरी बुश. कॅटलॉगात त्याला बुशिंग म्हणतात, गॅरेजात बुश. ‘बुश गेले’ एवढं म्हटलं की पुढचं काम कळतं. मुठीत मावेल एवढी वस्तू, आणि गाडीच्या बाकी खर्चापुढे किंमत अगदीच किरकोळ. त्यामुळेच तिच्याकडे कुणी बघत नाही. जुनी फियाट विकत घेणारा माणूस आधी रंग बघतो, मग बंपरचं क्रोम, मग सीटकव्हर. गाडीखाली वाकून सस्पेन्शनच्या आर्मच्या टोकाला काय उरलंय हे बघणारा मला तरी शंभरात एखादाच भेटला आहे.

आमचं पणदरे हे बारामती-नीरा रस्त्यावरचं गाव. बारामतीकडे माळेगावचा साखर कारखाना, नीरेकडे सोमेश्वरचा, आणि शिवाराला पाणी नीरा डाव्या कालव्याचं. दिवाळी झाली की गळीत हंगाम सुरू होतो आणि रस्त्यावर उसाचं राज्य येतं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे टायरच्या बैलगाड्या, त्यात सांडलेली उसाची कांडी आणि चाकांनी दाबून खोलगट झालेली डांबराची कड. समोरून ट्रॉली आली की लहान गाडीनं साइडपट्टीवर उतरायचं आणि ती गेली की परत डांबरावर चढायचं. त्या चढ-उतारात चाकाला जो आडवा हिसका बसतो, तो सगळा बुशानं खायचा असतो. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर जन्म काढलेल्या गाडीचे बुश आणि हंगामातल्या आमच्या रस्त्यावर चाललेल्या गाडीचे बुश शेजारी ठेवले, तर ते एकाच साच्यातून निघालेत हे सांगावं लागेल.

वंगणाची सवय आमच्या भागात आली कुठून, हे समजून घेतलं तर मिस्त्रींवर राग धरावासा वाटत नाही. बैलगाडीचा लोखंडी आस आणि चाकाचा तुंबा यांच्यामध्ये वंगण घातलं नाही तर चाक ओरडतं, आस झिजतो, बैल दमतो. हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. पुढे जीप आल्या. महिंद्रांनी 1947 पासून विलीजच्या जीप इथे जुळवायला सुरुवात केली आणि बागायती भागात त्या लवकर पोचल्या. त्या जुन्या जीपच्या पाट्यांच्या शॅकलमध्ये रबर नसायचं, आट्यांचे लोखंडी बुश असायचे. लोखंड लोखंडात फिरणार, म्हणून तिथे ग्रीसचं निपल असायचं आणि वेळेवर ग्रीस मारलं नाही तर शॅकल खाऊन जायची. त्या जीपवर हात बसलेला माणूस फियाटखाली गेला आणि त्यानं ग्रीसगन मागितली, तर त्यात नवल ते काय!

आमच्या गावात असेच एक मिस्त्री होते. आता ते नाहीत. ट्रॅक्टर, जीप, पाण्याची इंजिनं, सगळं तेच बघायचे. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी त्यांच्याकडे नेली तेव्हा मी कॉलेजात होतो. ते खाली आडवे झाले आणि प्रत्येक सांध्याला बोटानं ग्रीस थापत गेले.

“अण्णा, हितं तर रबर दिसतंय. त्याला कशाला?” मी विचारलं.

“आरं, सांधा हाय म्हणल्यावर वंगण नको व्हय?”

बोलणं पटण्यासारखं होतं. आवाजही पंधरा दिवस बंद झाला. पुढे तेच बुश काढायची वेळ आली तेव्हा एक बुश मी हॅकसॉनं उभा कापून बघितला, आणि त्या दिवसापासून माझं या विषयाशी जमलं.

कापलेला बुश ज्यानं पाहिला नाही त्याच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. बाहेर पोलादाची पातळ नळी. ती आर्मच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते. आत मधोमध दुसरी, जाड अंगाची नळी. तिच्यातून बोल्ट जातो. या दोन नळ्यांच्या मध्ये रबर, तेही दोन्ही नळ्यांना पक्कं धरलेलं, अनेक बुशांमध्ये तर कारखान्यातच चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी जखडते. बाहेरची नळी आर्मबरोबर हलते. चाक वर-खाली झालं की आर्म थोडा फिरतो, आणि ते फिरणं म्हणजे मधल्या रबराला पडलेला पीळ. चाक परत जागेवर आलं की पीळ सुटतो. यात कुठेही एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही. घासतच नाही तर वंगण कशाला? बैलगाडीचं चाक पूर्ण गोल फिरतं, त्याला वंगण हवं. गाडीचा आर्म काही अंश इकडे, काही अंश तिकडे, एवढाच झुलतो. तेवढ्यासाठी रबराचा पीळ पुरतो.

माझ्या कापलेल्या बुशात रबर एका बाजूला चंद्रकोरीसारखं फाटलं होतं. त्या फटीतून आतली नळी बाहेरच्या नळीला टेकत होती आणि टेकायची तिथे धातू आरशासारखा चमकत होता. खडखड होती ती ही. बाकीच्या रबराला बोट लावलं तर ते काकवीसारखं बोटाला चिकटून आलं. ग्रीस म्हणजे शेवटी खनिज तेलच, आणि नैसर्गिक रबराचं त्याच्याशी वैर आहे. तेल रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि ताकद जाते. खात्री करायची असेल तर साधं रबरबँड बाटलीच्या झाकणात डिझेल घेऊन रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ते लांबलचक, गलेलठ्ठ झालेलं दिसेल आणि जरा ओढलं की तुटेल. पंधरा दिवस आवाज बंद झाला होता तो फाटलेल्या फटीत ग्रीस भरल्यामुळे. दुखणं आत वाढतच होतं.

ज्याला ग्रीस लागतं त्याला ते द्यायलाच हवं, हेही इथेच सांगून टाकतो. किंगपिनला निपल असेल तर तिथे ग्रीसगन लावा, न चुकता लावा. पण गन मागे घेताना ओघळलेलं ग्रीस शेजारच्या बुशावर पडलं तर फडक्यानं पुसा. इंजिनाची तेलगळती असेल तर ती आधी थांबवा. इंजिनाखालचे बुश बाकीच्यांच्या आधी गेलेले दिसले, तर संशय तेलावर घ्यावा.

या पुस्तिकेत उदाहरणाला घेतलेली गाडी प्रीमियर पद्मिनी आहे. तिचे पुढचे आर्म, कॉइल स्प्रिंग आणि मागचे पाटे यांत जुन्या गाड्यांची बहुतेक दुखणी एका जागी भेटतात, हे एक कारण. दुसरं कारण आपुलकीचं. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर आहे. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला, आणि त्याच माणसानं 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून आधी अमेरिकन क्रायस्लर समूहाच्या गाड्या निघाल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद 1953 साली गेले, म्हणजे ज्या गाडीनं प्रीमियर घराघरांत पोचली तिची भरभराट त्यांनी पाहिली नाही. 1950 च्या दशकातली ती गोल पाठीची 1100 म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. 1964 पासून 1100 डी, म्हणजे डिलाइट. 1970 च्या दशकात तिचंच नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. वडील कायम म्हणायचे, ही आपल्या भागातली गाडी. तसं ते खरं नाही. गाडी कुर्ल्याची, वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनते. पण उसाच्या पैशावर घेतलेली गाडी उसाच्याच मालकानं काढलेल्या कंपनीची असावी, याचं त्यांना अप्रूप होतं आणि ते मी कधी खोडून काढलं नाही.

रबराच्या म्हातारपणाबद्दल पुस्तिकेत एक वेगळं प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. चार्ल्स गुडइयरनं 1839 मध्ये गंधक आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करण्याची रीत शोधली, म्हणून आज आपण रबरावर गाडी तोलू शकतो. आपल्या देशात रबर म्हटलं की केरळ. कोकणात दोडामार्गकडे गेलात तर तिथेही रबराच्या बागा आणि झाडाला बांधलेल्या वाट्या दिसतील. झाडाच्या चिकापासून झालेली ही वस्तू लोखंडासारखी नुसती वापरानं झिजत नाही, ती बसून बसूनही म्हातारी होते. हवेतला ओझोन तिला सूक्ष्म चिरा पाडतो, इंजिनाची धग तिला कडक करते. म्हणून ‘गाडी फारशी फिरलेलीच नाही, बुश कसे जातील?’ हा प्रश्न फसवा आहे. दहा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे बुश नखानं दाबून बघा. नख रुतत नसेल आणि कडेला मुंग्यांच्या वाटेसारख्या चिरा असतील, तर गाडीचे किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही.

गेलेल्या बुशाचं निदान चुकतं ते बहुतेक वेळा याच क्रमानं: आधी टायर बदलतात, कारण टायर एका बाजूनं खाल्लेला असतो. मग अलाइनमेंट करतात आणि महिन्याभरात ती परत बिघडते. मग शॉकअॅब्सॉर्बर. मग स्टिअरिंगचा गिअरबॉक्स उघडतात. बुशाची पाळी शेवटी येते, तोवर बुशाच्या कैकपट खर्च झालेला असतो. फाटलेल्या बुशावरचा आर्म ब्रेक मारला की मागे सरतो आणि सोडला की पुढे येतो, म्हणून अलाइनमेंटवाल्यानं उभ्या गाडीवर घेतलेलं माप चालत्या गाडीत टिकत नाही. दहा मिनिटांची तपासणी अशी: गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, एकाला स्टिअरिंगवर बसवून ते थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बॅटरी घेऊन आर्मच्या आतल्या टोकांकडे बघा. आर्म फिरला तर ठीक. पुढे-मागे सरकला तर बुश गेला. टॉमीनं हलकंसं उचकून बघितलं तर आणखी स्पष्ट दिसतं. हलकंसं म्हणतोय, कारण टॉमी जोरात दाबली तर नवा बुशही हलेल, रबरच आहे ते.

आता माझ्या चुकीबद्दल. ही पुस्तिका लिहिण्याचं खरं कारण तीच आहे.

ग्रीसचा धडा शिकल्यावर पुढचे बुश मी स्वतः बदलायचं ठरवलं. सुटे भाग पुण्याहून नाना पेठेतून आणले. पावसाळ्याचे दिवस, शेतात वाफसा नव्हता, वेळ भरपूर. गाडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, घेतली, चाकं काढली, आर्म सोडवले, जुने बुश काढून नवे बसवले, आर्म परत लावले आणि पान्याला पाइप घालून सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. चाकं लावून गाडी खाली घेतली तर पुढून चांगली दोन बोटं उंच उभी राहिली. मला वाटलं, वा, नव्या बुशांनी गाडी ताठ झाली! गावातल्या दोघातिघांना दाखवलीसुद्धा. पुढच्या हंगामाच्या मध्यावर तीच जुनी खडखड परत आली. काढून बघतो तर नवं रबर आतल्या नळीपासून गोल सुटलेलं.

दुकानदाराला नकली माल दिला म्हणून दोष द्यायची माझी पूर्ण तयारी होती. बारामतीला एका टर्नरकडे ते बुश घेऊन गेलो. त्यांनी हातात घेतले, फिरवून बघितले आणि एकच विचारलं.

“बोल्ट कुठं आवळले? वर का खाली?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी खडूनं फरशीवर आर्म काढला. गाडी घोड्यांवर असते तेव्हा चाक लोंबकळत असतं आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की आतली नळी तिथेच जखडते. मग गाडी जमिनीवर येते, तिचं वजन चाकांवर पडतं, आर्म वर येतो आणि रबराला पीळ बसतो. उभ्या गाडीतसुद्धा तो पीळ सुटत नाही. हिशेब करून बघा. आर्म 30 सेंटिमीटर लांब धरला आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा 8 सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर कोन होतो साधारण 15 अंशांचा. म्हणजे गाडी रात्रभर अंगणात झोपली आहे आणि रबर 15 अंश पिळलेलं आहे. खड्डा आला की आणखी पीळ, तोही त्याच बाजूनं. माझी गाडी दोन बोटं उंच उभी राहिली होती ती या पिळाच्या जोरावर.

म्हणून बोल्ट खाली आवळायचे. वर असताना नट हातानं बसतील तेवढेच लावायचे. चाकं लावून गाडी जमिनीवर घ्यायची, बंपर दाबून चार-पाच वेळा झुलवायची, थोडी पुढे-मागे ढकलायची आणि तिचं वजन जसं बसायचं तसं बसू द्यायचं. मगच पान्यानं आवळायचं. खाली शिरायला जागा नसते ही अडचण खरी आहे. ट्रॅक्टरसाठी बांधलेला रॅम्प किंवा गॅरेजचा खड्डा असेल तर प्रश्न सुटला. काहीच नसेल तर गाडी घोड्यांवरच ठेवून जॅकनं खालचा आर्म उचला. गाडीचं अंग घोड्यावरून उठू उठू म्हणायला लागलं की चाकावर वजन आल्यासारखीच स्थिती होते. तिथे आवळा. किती जोरानं, हे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि त्यासाठी टॉर्क रेंच असतो. पाइप घालून जीव खाणं हा त्याला पर्याय नाही. मी तोही करून बघितला आहे.

नंतर विचारत गेलो तेव्हा कळलं की हीच चूक कितीतरी जणांनी केली आहे आणि प्रत्येकानं दोष मालालाच दिला आहे. चांगल्या गॅरेजमधली माणसंही घाईच्या दिवशी वरच आवळून मोकळी होतात, कारण गाडी लिफ्टवर असताना हात सहज पोचतो. गाडी बाहेर टाकून काम करून घेणार असाल तर बुश कुठल्या कंपनीचे हे विचारण्याआधी त्या टर्नरचा प्रश्न विचारा.

काढण्या-बसवण्याची कृती पुढे चित्रांसह दिली आहे. तिथे जाण्याआधी दोन गोष्टी मात्र वाचल्याच पाहिजेत. पहिली कॉइल स्प्रिंगची. पद्मिनीचं वजन सुमारे 900 किलो. पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर त्याचा मोठा वाटा दाबून बसलेला असतो. खालचा आर्म सोडवताना तो दाब एकदम सुटला तर स्प्रिंग माणूस मारू शकते. यात अतिशयोक्ती नाही. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय तो सांधा सोडवू नका. कॉम्प्रेसर नसेल तर ते काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे द्या आणि तुम्ही मागच्या पाट्यांचे बुश करा. त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. दुसरी गोष्ट जॅकची. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोडे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. आणि उसाच्या शेतातल्या मऊ मातीवर घोडे मांडू नका, खाली जाड फळी टाका.

जुना बुश डोळ्यातून निघता निघत नाही तेव्हा माणसाला दुर्बुद्धी सुचते. गॅस कटरनं रबर जाळतात. त्या धुरानं छाती भरते, आणि आर्मच्या पत्र्याला नको तेवढी धग लागली तर त्याची ताकद जाते ती वेगळीच. हातोड्यानं ठोकूनही निघतो, पण डोळा लांबट होतो आणि मग नवा बुश त्यात कधीच नीट धरत नाही. आदल्या रात्री गंजावर तेल सोडून ठेवावं, जुन्या बुशाला आता तेलाची भीती नाही. मग मोठ्या व्हाइसमध्ये एका बाजूला बुशापेक्षा मोठा गोटी पाना, दुसऱ्या बाजूला बुशापेक्षा किंचित लहान, आणि सावकाश दाबत जायचं. व्हाइस नसेल तर जाड आट्याचा रॉड, दोन नट आणि जाड वायसर यांनीही तेच काम होतं. अगदीच हटून बसला तर हॅकसॉचं पातं आतून घालून बाहेरच्या नळीला एक उभी चीर द्यावी, ती आपोआप सैल होते. डोळ्याला चीर पडू देऊ नये, एवढं भान हवं. नवा बसवताना घर्षण कमी करायला साबणाचं पाणी वापरा. ते वाळून जातं. ग्रीस जात नाही. आर्मच्या बोल्टांखाली पातळ पत्र्याच्या शिम निघाल्या तर कुठून किती निघाल्या हे खडूनं तिथेच लिहून ठेवा. पुढची अलाइनमेंट त्यांच्यावर उभी असते, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यायचीच आहे.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असं हल्ली तरुण मुलं विचारतात. लाल-पिवळे, दिसायला सुरेख, आणि रबरापेक्षा जास्त वर्षं टिकतील असं विकणारे सांगतात. ते रबरापेक्षा कडक असतात, वळणावर गाडी घट्ट धरतात, शर्यतीला उत्तम. पण ते पिळत नाहीत, आतल्या नळीवर फिरतात. त्यामुळे त्यांना खास वंगण लागतं आणि ते संपलं की कुईकुई सुरू. शिवाय रबर जो बारीक धक्का गिळतं, तो हे सरळ सांगाड्यात पाठवतात. पन्नास वर्षं जुन्या पत्र्याच्या जोडांना तो पाठवायची गरज काय? नीरेकडून पणदऱ्याकडे हंगामात येणाऱ्या गाडीला मी रबरच घालीन. ज्याला गाडी लवासाच्या घाटात पळवायची आहे त्यानं पॉली घालावेत आणि दात सांभाळावेत.

जुन्या गाड्यांची हौस आता वाढली आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. सुरुवातीच्या पद्मिनी त्या उंबरठ्यापाशी पोचल्याच आहेत. हौशी लोक मूळ रंगाची छटा मिळवायला महिने घालवतात. कौतुक आहेच. पण प्रदर्शनाला ट्रेलरवरून नेलेली आणि खाली जळून गेलेल्या बुशांवर उभी असलेली गाडी माझ्या लेखी पुतळाच.

आणि आता एक अडचण उभी राहिली आहे. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीच्या रबरी भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. टॅक्सीवाला हौस म्हणून बुश घेत नसे, धंदा बुडू नये म्हणून घेई. ते गिऱ्हाईक गेलं. आता मिळणाऱ्या मालात मापांचा मेळ राहिलेला नाही. एकाच खोक्यातल्या दोन बुशांची आतली नळी वेगवेगळ्या लांबीची मला मिळाली आहे. बारामती-पुण्याकडे रबर मोल्डिंग करणारे आणि लेथवाले कमी नाहीत. बरोबर माप हातात दिलं तर ते बुश करून देतात, मी करून घेतले आहेत. अडतं ते मापाशी. फाटलेल्या, दबलेल्या बुशावरून मूळ माप सापडत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी तक्ता जोडला आहे. त्यातली बरीच घरं मी मुद्दाम मोकळी ठेवली आहेत. कुणाच्या माळ्यावर, जुन्या गॅरेजच्या फळीवर, वडिलांच्या टूलबॉक्सच्या तळाशी न वापरलेला मूळ बुश पडलेला असेल तर बाहेरच्या नळीचा व्यास, आतल्या नळीचा व्यास, दोन्हींची लांबी, गाडीचं साल आणि तो वरच्या आर्मचा की खालच्या, एवढं लिहून प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवावं. बुश पाठवू नये, तो जपून ठेवावा. माप व्हर्नियरनं घ्यावं, फूटपट्टीनं नको.